ग्रीनचा दारुडा पाद्री : ज्याचं मोल त्यालाच कळत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की एम.ए.ला इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीनची 'द पॉवर अँड द ग्लोरी' लागलीय, लिटररी एलिमेंट्सवर प्रेझेंटेशन द्यायचंय, थीम, सेटिंग, सिंबॉल, आयरनी, कॅरेक्टर अशी पाच हेडिंगं पाडून तुम्ही नोट्स काढल्यात पण सगळं सुटं सुटं वाटतंय, आणि पोलिसांपासून लपत फिरणारा तो बदनाम, दारुडा पाद्री शेवटी संत ठरतो की पापीच राहतो तेही नीट लागत नाहीये. मी ही कादंबरी कॉलेजात पंचवीसेक वर्षं शिकवलीय, दरवर्षी नव्यानं वाचलीय, त्यामुळे जरा लांबच लिहिणार आहे, सवडीनं वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे ती पाच हेडिंगं तूर्त बाजूला ठेवा. ती चुकीची नाहीत, पण प्रत्येक एलिमेंटचा वेगळा डबा केला की त्यात पाणी कुठून येतं ते दिसत नाही. माझं मत विचाराल तर या कादंबरीत ग्रीननं सगळी कारागिरी एकाच कामाला जुंपलीय. हा पाद्री आतून कसा वाढत चाललाय ते वाचकाला दिसत राहतं, आजूबाजूच्या एकदोघांनाही अंधुक दिसतं, पण त्याला स्वतःला ते शेवटच्या मिनिटापर्यंत दिसू द्यायचं नाही. तो मरतो तो आपण फुकट गेलो असं समजूनच मरतो. सेटिंग असो, नाव न देणं असो, दारूची बाटली असो, कॅमेरा कुठे ठेवलाय ते असो, सगळं या एका गोष्टीसाठी राबतंय. हे एकदा धरलंत की तुमच्या नोट्स आपोआप एकमेकींना जोडल्या जातील.

आता पार्श्वभूमी, पटकन. मेक्सिकोत 1926 ला प्रेसिडेंट काय्येस यांनी चर्चच्या विरोधातले कायदे कडक केले, त्यातून 1929 पर्यंत चाललेलं क्रिस्तेरो युद्ध, म्हणजे चर्चच्या बाजूनं उठलेल्या लोकांचं बंड, पेटलं. दक्षिणेकडच्या ताबास्को राज्यात तोमास गारिदो कानाबाल या गव्हर्नरनं तर कहरच केला, चर्चेस पाडली, लग्न करशील तरच पाद्री म्हणून राहू देईन असा कायदा काढला, दारूबंदी आणली, आणि लाल शर्टवाल्या पोरांची एक संघटना रस्त्यावर उतरवली. ग्रीन 1926 मध्ये कॅथलिक झालेला, तो 1938 ला मेक्सिकोत फिरला, त्या प्रवासाचं पुस्तक 1939 ला आलं आणि ही कादंबरी 1940 ला. प्रवासात त्याला एका दारुड्या पाद्र्याची हकिकत कळली होती, ज्यानं नशेत एका मुलाचा बाप्तिस्मा करताना त्याला ब्रिजिटा असं मुलीचं नाव ठेवून दिलं. कादंबरीत पाद्र्याच्या मुलीचं नाव ब्रिजिदा आहे. एवढ्याशा गमतीच्या गोष्टीतून ग्रीननं केवढं जड नातं उभं केलं ते लक्षात घ्या, प्रेझेंटेशनमध्ये हे सांगितलंत तर लोक कान टवकारतील.

आता ज्या खुंटीवर सगळं टांगलंय ती खुंटी, आणि आपल्या वर्गात नेमकी हीच निसटते कारण बहुतेकांना कॅथलिक आतबाहेर माहीत नसतं. कॅथलिक समजुतीप्रमाणे पाद्री कितीही घसरलेला असला, तो दारू पीत असो, त्याला मूल झालेलं असो, तरी त्यानं विधिपूर्वक म्हटलेली मिस्सा, म्हणजे भाकर आणि वाईन पवित्र करून वाटण्याची चर्चमधली मुख्य उपासना, खरीच असते, त्यानं कन्फेशनमध्ये, म्हणजे माणसाच्या पापांची कबुली ऐकून, दिलेली क्षमा खरीच असते. संस्कार माणसाच्या लायकीवर उभा नसतो. हा वाद फार जुना आहे, चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्ट म्हणून एक पंथ होता, त्यांचं म्हणणं की छळाच्या काळात जे पाद्री शरण गेले, ज्यांनी धर्मग्रंथ सरकारच्या हवाली केले, त्यांनी दिलेले संस्कार बाद. संत ऑगस्टीन यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि चर्चनं ऑगस्टीनचीच बाजू घेतली. म्हणजे बघा, तेव्हाही छळ होता, तेव्हाही घसरलेले पाद्री होते, ग्रीननं तोच पेच मेक्सिकोच्या चिखलात आणून ठेवलाय.

त्यातून या माणसाची कोंडी होते. राज्यात लपूनछपून काम करणारा तो एकटाच उरलाय. तो पळून गेला तर त्या सगळ्या मुलखात देव कुणाच्या हाताला लागणार नाही, आणि थांबला तर प्रत्येक मिस्सा म्हणताना तो स्वतः महापापाच्या अवस्थेत, म्हणजे आणखी एक पाप, कारण त्याचं कन्फेशन ऐकायला दुसरा पाद्रीच नाही. दुसऱ्यांना तो पाण्यासारखी क्षमा वाटतोय आणि स्वतःला थेंब नाही. आपल्याकडे पतितपावन हा शब्द तयारच आहे, त्यामुळे मराठी मुलं इथे पटकन तो लावतात. लावा, पण जपून. आपल्या त्या शब्दात पतित एक आणि पावन करणारा दुसरा असतो, पतित दारात उभा आहे आणि विठ्ठल आत आहे. इथे पतितच्याच हातातून पावन करणारी गोष्ट लोकांपर्यंत जातेय आणि ती त्याच्या अंगाला मात्र लागत नाही, निदान त्याला तरी तसं वाटतं. हा फरक मांडलात तर तुमची थीम कुठल्याही गाइडच्या पलीकडे जाईल.

माझ्या वर्गात एकदा वसईची एक मुलगी होती, घरातली कॅथलिक, तिनं मिस्सा, आल्तार (म्हणजे वेदी) हे शब्द असे सहज वापरले की बाकीच्यांना पहिल्यांदा कळलं की ही गोष्ट कुठल्या लांबच्या धर्माची नाही, विरारच्या लोकलमध्ये शेजारी बसणाऱ्या माणसाची आहे. ती म्हणाली होती, मॅडम आमच्या आजीला विचाराल तर ती म्हणेल फादर कसा का असेना, शेवटच्या वेळेला तो यायला पाहिजे. मी त्यानंतर दरवर्षी हे वाक्य वर्गात सांगत आले, कारण कादंबरीचा प्लॉट अक्षरशः त्यावर चालतो. पहिल्याच चॅप्टरमध्ये त्याला बोट मिळत असते, सुटका समोर उभी असते, आणि एक पोरगं येतं की आई मरतेय. तो चिडतो, मनातून जायचंच नसतं, तरी जातो, बोट चुकते. शेवटीही तसंच, तो सीमा ओलांडून सुरक्षित झालाय, आणि निरोप येतो की एक अमेरिकन गुन्हेगार गोळी लागून मरायला टेकलाय, त्याला पाद्री हवाय. हा सापळा आहे हे त्याला स्वच्छ कळतं. तरी खेचर वळवतो. सुरुवात आणि शेवट एकाच हाकेचे आहेत, फक्त पहिल्या वेळी तो कुरकुरत गेला आणि दुसऱ्या वेळी डोळे उघडे ठेवून गेला. स्ट्रक्चरवर बोलायचं असेल तर एवढं पुरे आहे.

सेटिंगबद्दल फार वेळ घालवू नका. ऊन, गिधाडं, दलदल, किडे, पाऊस, सडणारे दात, हे सगळे लिहितात. एकच म्हणेन की त्या दातांकडे नीट बघा, कारण पहिला माणूस जो आपल्याला भेटतो तो टेंच नावाचा इंग्रज डेंटिस्ट आहे, पोलिसांचा मुख्य अधिकारी दातदुखीनं कळवळतोय, पाद्र्याला पकडून देणाऱ्या माणसाचे दोन पिवळे सुळे बाहेर आलेत. अख्ख्या राज्याचं काहीतरी किडलंय आणि ते उपटायला सामान नाही, असं ग्रीन कुठे सांगत नाही, तो फक्त दात दाखवत राहतो. सिंबॉल असा करावा.

नावांचं बघा. इंग्रज, जर्मन, अमेरिकन माणसांना नावं आहेत, गावातल्या बायकांना आहेत, लग्न करून सरकारी पेन्शन खाणाऱ्या पाद्रे होसेला आहे. पण ज्याच्याभोवती सगळं फिरतं तो पाद्री आणि त्याच्या मागावर असलेला लेफ्टनंट, या दोघांना नाव नाही. लोक म्हणतात की ते प्रतीक आहेत म्हणून. असेल, पण मला त्यात आणखी साधी गोष्ट दिसते, नाव माणसाचं असतं आणि हे दोघे आपापल्या कामात एवढे विरघळलेत की माणूस मागे पडलाय. लेफ्टनंटची खोली एखाद्या मठातल्या खोलीसारखी आहे, उघडीबोडकी. तो दारू पीत नाही, बाईच्या नादी नाही, मुलांवर त्याचा खरा जीव आहे, त्यांच्या वाट्याला आपल्यासारखं बालपण येऊ नये म्हणून तो देव पुसून टाकायला निघालाय. म्हणजे जो पाद्र्यांना मारतो तो पाद्र्यासारखा जगतो, आणि जो पाद्री आहे तो गुन्हेगारासारखा. लेफ्टनंटला खलनायक करू नका, परीक्षकांनाही ते आवडत नाही आणि ग्रीनलाही ते नको होतं. फक्त एक गोष्ट त्याच्याकडे नाही. त्याला मुलं आवडतात पण समोरचं एक वाईट, कुजकं, लबाड माणूस आवडत नाही. पाद्र्याला तेही आवडायला लागतं, आणि ते तो दारूतून, लाजेतून शिकलाय.

आता मी थांबणार आहे तो सीन म्हणजे वाईनचा. तुम्हाला दहा मिनिटं असतील तर त्यातली सहा याला द्या.

राज्यात बिअर सोडून दारू बंद. मिस्सेला मात्र द्राक्षाची वाईनच लागते, ब्रँडीवर मिस्सा होत नाही. पाद्री राजधानीच्या गावात मळक्या सुटात फिरतोय, खिशात जेमतेम पैसे, आणि एका भिकाऱ्याच्या मध्यस्थीनं गव्हर्नरच्या भावकीतल्या माणसाकडून चोरून एक बाटली वाईन आणि थोडी ब्रँडी मिळवतो. इथपर्यंत ठीक. पण विकणारा मोठ्या मनानं म्हणतो, आता एक घोट बरोबर घेऊया की. रीत आहे, नाही कसं म्हणणार. पाद्री ब्रँडी पुढे करतो, हे लोक म्हणतात नाही, वाईन बरी लागते. एक पेला. मग दुसरा. मग पोलिसांचा मुख्य अधिकारीच खोलीत येतो, तोही घेतो, गप्पा रंगतात, आणि पाद्री तिथे बसून बाटलीतली पातळी खाली खाली जाताना बघतो. तोंडातून एक शब्द काढता येत नाही, काढला तर गोळी. बाटली रिकामी होते आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागतं. बाकीच्यांना वाटतं, चढली याला.

हे हळूहळू वाचा आणि किती गोष्टी एकाच टेबलावर ठेवल्यात ते मोजा. वरवर हा पार्टीचा सीन आहे, जवळजवळ विनोदी. आतून बघितलं तर वेदीवरची सगळी मांडणी उलटी करून ठेवलीय, पेला आहे, वाईन आहे, भोवती बसलेली माणसं आहेत, आणि ज्याच्या हातून ती वाईन पवित्र व्हायची त्याच्या डोळ्यांदेखत ती घशाखाली जातेय. आयरनी या शब्दाखाली तुम्ही काय लिहिलंय मला माहीत नाही, पण वाचकाला माहीत आहे आणि खोलीतल्या कुणालाच माहीत नाही एवढी व्याख्या लिहून थांबू नका. इथे आयरनी दुखते. आणि शेवटी त्याच्या हातात उरते ती काय, ब्रँडी. म्हणजे जी गोष्ट देवापर्यंत नेते ती गेली आणि जी त्याला पाडते तेवढी उरली. पुढे त्या ब्रँडीच्या बाटलीपायीच तो तुरुंगात जातो. प्लॉट, सिंबॉल, आयरनी, कॅरेक्टर, सगळं एका बाटलीत आहे, वेगळी हेडिंगं कशाला हवीत.

याच्या जोडीला थोडं आधीचं गावातलं प्रकरण घ्या. तो मारियाच्या गावात येतो, जिच्यापासून त्याला ब्रिजिदा झालीय, सात वर्षांची असेल, तिच्या नजरेत आत्ताच एक कडवटपणा आलाय आणि तो बघून याचं काळीज फाटतं. पहाटे घाईघाईनं मिस्सा उरकतो तोवर पोलीस आलेच. तोंडाला वाईनचा वास, मारिया चटकन कच्चा कांदा चावायला देते. लेफ्टनंट गावातल्या माणसांना रांगेत उभं करतो आणि मुलीला विचारतो तुझा बाप कोण. ती बोट दाखवते, हा. आणि तो सुटतो, कारण मूल असलेला माणूस पाद्री कसा असेल. ज्या पापाची त्याला सगळ्यात जास्त लाज आहे त्या पापानं त्याचा जीव वाचवला. त्याची आणखी एक अडचण ग्रीननं किती बारकाईनं पकडलीय, त्याला त्या पापाचा पश्चात्ताप करायचाय पण पापाचं फळ समोर उभं आहे आणि त्याच्यावर त्याचा जीव जडलाय, मग नकोच होतं ते असं मनापासून कसं म्हणणार. आईबापांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तुरुंगाची रात्र. काळोख, घाण, माणसांवर माणसं, एका कोपऱ्यात एक जोडपं अंधारात आपलं सुख घेतंय. एक सोवळी बाई आहे, घरात धार्मिक पुस्तकं ठेवली म्हणून पकडलेली, ती त्या जोडप्याच्या आवाजानं संतापलीय. आणि पाद्री, ज्यानं त्या क्षणी बाईच्या बाजूनं बोलायला हवं असं आपल्याला वाटतं, तो जोडप्याची बाजू घेतो. तो सांगून टाकतो की मी पाद्री आहे, दारुडा आहे, मला एक मूल आहे. डोक्यावर इनाम आहे. सकाळी यातला कुणीही माणूस ते पैसे कमवू शकतो. कुणीच कमवत नाही. चोर, खुनी, सगळे गप्प. त्या रात्री त्याच्या मनात एक विचार येतो, माझ्या शब्दांत सांगायचं तर एखाद्याकडे डोळे भरून नीट बघितलं, त्याच्या डोळ्यांजवळच्या सुरकुत्या, त्याच्या ओठांची ठेवण, केस कसे वाढलेत ते, तर त्याचा द्वेष करता येत नाही, द्वेष म्हणजे कल्पनाशक्ती कमी पडणं. हे वाक्य सगळे कोट करतात आणि ते कुणी म्हटलं, कुठे म्हटलं हे विसरतात. ते आल्तारावरून आलेलं प्रवचन नाही, संडासाच्या बादल्यांशेजारी बसलेल्या माणसाला सुचलेलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बादल्या त्यालाच उचलायला लागतात. मग लेफ्टनंट त्याला न ओळखता सोडतो, आणि म्हातारा गरीब आहे म्हणून पाच पेसो हातावर ठेवतो. पाच पेसो म्हणजे एका मिस्सेची दक्षिणा. पाद्री चकित होऊन म्हणतो, तू चांगला माणूस आहेस. लेफ्टनंटच्या ऑफिसच्या भिंतीवर याच पाद्र्याचा जुना फोटो लागलेला आहे, पहिल्या कम्युनियनच्या (मुलांना पहिल्यांदा मिस्सेतला प्रसाद देतात त्या विधीच्या) पार्टीतला, गोलमटोल, स्वच्छ कॉलर, बायकांच्या घोळक्यात. फोटोतला माणूस आणि बादली उचलणारा माणूस यांच्यात एवढं अंतर पडलंय की पोलिसाला ओळख पटत नाही. पाद्री म्हणून तो फोटोतच जास्त शोभत होता. माणूस म्हणून कधी मोठा होता ते ग्रीन तुम्हाला ठरवू देतो.

आणि ते तुम्ही नीट ठरवावं म्हणून तो तिसऱ्या भागात एक फार हुशार गोष्ट करतो, जी बरीच मुलं घाईत वाचून सोडून देतात. सीमेपलीकडे लेर नावाच्या भावाबहिणीच्या घरी पाद्री सुखरूप पोचतो. स्वच्छ चादर, पोटभर जेवण, आंघोळ. गावकरी बाप्तिस्म्यासाठी पोरं आणतात आणि हा दराची घासाघीस करायला लागतो, दोन पेसोवरून दीडवर येतो. आवाजात तो जुना रुबाब परत येतो. म्हणजे ज्याला आपण इतका वेळ सुटका समजत होतो ती त्याचं खरं पडणं ठरते, तो चिखलात असताना जितका देवाजवळ होता तितका या स्वच्छ घरात नाही. घसरलेला पाद्री कोणता, दारू पिणारा की दर लावणारा, हा प्रश्न ग्रीननं एकही उपदेशाचं वाक्य न लिहिता विचारलाय. मी लिहायला शिकणाऱ्या पोरांना हा भाग नेहमी देते.

पॉइंट ऑफ व्ह्यूवर या आता, कारण माझं सुरुवातीचं म्हणणं इथे पुरं होतं. कादंबरीचा मोठा भाग आपण पाद्र्याच्या डोक्यात असतो आणि त्याच्या डोक्यात स्वतःबद्दल फक्त तिरस्कार आहे. त्याच्या शेवटच्या सकाळी तो विचार करतो की आपण रिकाम्या हातानं चाललो, संत होणं एवढं एकच महत्त्वाचं होतं आणि ते अगदी थोडक्यात हुकलं. यानंतर लेखक पटकन त्याच्या डोक्यातून बाहेर पडतो. गोळी आपण त्याच्याबरोबर अनुभवत नाही. ती आपण टेंच डेंटिस्टच्या खिडकीतून बघतो, तो पोलिस अधिकाऱ्याच्या दाताशी झटतोय, खाली चौकात एका माणसाला दोन्हीकडून धरून आणतात कारण त्याचे पाय चालत नाहीत, माफ करा असं काहीतरी तो म्हणतो, आवाज होतो आणि भिंतीपाशी काहीतरी पडलेलं दिसतं. खुर्चीतला अधिकारी दुखतंय म्हणून ओरडत असतो. संपलं.

का असं? कारण त्याच्या समांतर आणखी एक गोष्ट चालू आहे. लुईस नावाच्या मुलाला त्याची आई एका हुतात्म्याची, हुआनची, गोष्ट वाचून दाखवत असते, ज्यात तो लहानपणापासून पवित्र आणि मरताना शूर, छाती पुढे काढून येशू राजाचा जयजयकार करणारा. मुलगा कंटाळलेला असतो, त्याला लेफ्टनंटच्या पिस्तुलाची ओढ. खऱ्या इतिहासात मिगेल प्रो नावाच्या जेसुइट पाद्र्याला 23 नोव्हेंबर 1927 ला मेक्सिको सिटीत गोळ्या घातल्या, तो हात पसरून तसाच जयजयकार करत उभा राहिला आणि त्याचे फोटो जगभर गेले. म्हणजे शूर मरणाचा नमुना वाचकांच्या डोळ्यांसमोर होताच. ग्रीननं त्याच्या शेजारी लटपटणाऱ्या पायांचा माणूस ठेवला. एका कादंबरीच्या पोटात दुसरं पुस्तक घालून त्यानं दाखवलं की संतांच्या गोष्टी कशा धुऊनपुसून लिहितात आणि प्रत्यक्षात ते कसं दिसत असेल.

आणि तरी तो मुलगा बदलतो. लेफ्टनंट जाताना तो त्याच्या पिस्तुलावर थुंकतो, आणि त्या रात्री दार वाजतं, नवा पाद्री आलेला असतो, मुलगा दार उघडतो आणि त्याचा हात चुंबतो. हे ज्याच्यामुळे घडलं त्याला ते कळायची सोय नाही, तो मेलाय. बघितलंत, शेवटपर्यंत त्याला कळू दिलं नाही.

म्हणून संत की पापी हा प्रश्न मी पेपरात आला की मुलांना सांगते, बाजू घेऊ नका, दोन्ही शब्द त्याला लागू आहेत आणि कादंबरी त्यांना वेगळं होऊ देत नाही. चर्चलाही हे सोपं गेलं नाही. 1953 मध्ये व्हॅटिकनच्या होली ऑफिसनं, म्हणजे धर्मशिकवणीवर नजर ठेवणाऱ्या खात्यानं, या पुस्तकावर नापसंती कळवली, बदल करा म्हणाले. ग्रीननं कॉपीराइट प्रकाशकांकडे असल्याचं सांगून ते टाळलं. पुढे 1965 ला पोप सहावे पॉल त्याला भेटले तेव्हा म्हणाले की तुमच्या पुस्तकांतलं काही ना काही कॅथलिकांना खुपणारच, तिकडे लक्ष देऊ नका. धर्माच्या बाजूनं लिहिलेली कादंबरी धर्मसंस्थेलाच टोचावी यात त्या कादंबरीचं बळ आहे.

दोष सांगितले नाहीत तर उत्तर अर्धवट राहील. पाद्र्याला पकडून देणारा मिश्रवंशीय माणूस ग्रीननं जसा रंगवलाय, सुळे, ताप, लाचारी, त्यात त्या माणसाच्या जातकुळीबद्दलचा गोऱ्या प्रवाशाचा तुच्छतेचा सूर आहे, आणि रानातले इंडियन, म्हणजे मेक्सिकोतले मूळ आदिवासी लोक जवळजवळ मुके आहेत. मेलेलं मूल पाठीवर घेऊन चालणारी ती बाई, जी मूल क्रुसांच्या माळावर ठेवून त्याच्या तोंडाशी साखरेचा खडा ठेवते आणि भुकेला पाद्री परत येऊन तो खडा खातो, हा सीन काळीज हलवणारा आहे, पण तिच्या डोक्यात काय चाललंय तिथे ग्रीन जात नाही. हे बोला, वर्गात बोलायलाच हवं. शिवाय पकडल्यानंतर लेफ्टनंट आणि पाद्र्याचा जो लांब वाद आहे तो मला कायम जरा मांडून ठेवल्यासारखा वाटत आला, जे पाच पेसोंनी आधीच सांगून झालं होतं ते तिथे परत तोंडानं बोललं जातं.

शीर्षकाबद्दल एक. राज्य, सामर्थ्य आणि गौरव तुझंच आहे असं प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी येतं, त्यातलं राज्य ग्रीननं गाळलं आणि सामर्थ्य व गौरव ठेवलं. सामर्थ्य लेफ्टनंटकडे आहे हे उघड, त्याच्याकडे बंदुका आहेत. गौरव कुणाकडे आहे ते तुम्ही प्रेझेंटेशनमध्ये लगेच सांगू नका. आधी वाईनचा सीन मोठ्यानं वाचून दाखवा, अगदी रिकाम्या बाटलीपर्यंत, मग थोडं थांबा, आणि वर्गालाच विचारा की या खोलीत कोण रडतंय ते कुणाकुणाला कळलं.